चंद्रीसाठी बेल-भंडारा

२ फेब्रुवारी, महाड

वर्षभर ही वही कोरीच पडली होती. आज लिहायला बसले, कारण राजेश आनंदात इतका बोलतोय की मला मध्ये तोंड घालायला जागा नाही. निदान इथे तरी माझं ऐकून घेतलं जाईल.

जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या त्या साहेबांना आमची चंद्री हवी आहे!

चंद्री म्हणजे जीप. महायुद्धाच्या वेळी अमेरिकेतून आलेली, मग मिलिटरीने लिलावात काढलेली. माझ्या आजेसासऱ्यांनी ती मुंबईहून उमरठपर्यंत आणली खरी, पण उमरठच्या वर आमच्या वाडीला तेव्हा रस्ताच नव्हता. दोन पावसाळे ती खाली ताडपत्री पांघरून उभी. शेवटी गावाने फावडी घेतली आणि गाडी आहे म्हणून रस्ता केला. त्याच आठवड्यात घरची चंद्री गाय गेली होती. तेव्हा आबा, म्हणजे माझे सासरे, पोरसवदा होते. त्यांनी गायीचं नाव जीपला दिलं आणि पुढे चाळीस-एक वर्षं तीच चालवली. बाळंतिणी, नवरदेव, साप चावलेली माणसं, सगळे तिच्यातूनच महाडला आले-गेले.

पुराच्या दोन वर्षं आधी राजेशने तिला दुरुस्तीला म्हणून इथे गॅरेजमध्ये आणलं. २०२१ च्या पुरात गॅरेज छतापर्यंत बुडालं, माझी रक्त तपासणीची लॅबही. चंद्रीला त्याने आदल्याच दिवशी नाते गावी एका ओळखीच्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं, म्हणून ती तेवढी वाचली. मी तिला त्यानंतर पाहिलेली नाही. पुरानंतर वर्षभर मी चिखलातून मशिनं काढत होते, मला कुठली जीप सुचतेय!

साहेबांच्या वतीने मानसी म्हणून एक मुलगी आली होती. गोड आहे, पण डोळे बारीक करून बघते. म्हणाली, "ताई, रंगवून नवी केलेल्या जीपा ढिगाने मिळतात. सरांना जशी होती तशी हवी. एकाच घरातली. आणि तीच आहे ह्याची खात्री हवी. ह्या धंद्यात शंभरातल्या नव्वद गाड्या तीन गाड्यांच्या तुकड्यांतून जोडलेल्या असतात."

ती गेल्यावर राजेशने मला एक गोष्ट पहिल्यांदा सांगितली. हा व्यवहार झाला नाही तर तो पुढच्या महिन्यात गॅरेजचा गाळा सोडणार आहे. पुरानंतर धंदा काही वर आलाच नाही. मला वाटत होतं चाललंय बरं. बायकोला सगळ्या गावाची साखर माहीत आणि नवऱ्याचं दुखणं नाही.

५ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणि मिठाचा अख्खा पुडा गायब. चोर घरचाच निघाला. डबा घेऊन गॅरेजवर गेले तर शटर पूर्ण खाली आणि आत ठोकल्याचा आवाज. एक ठोका, मग थांबायचं, मग दुसरा. हाक मारली तरी बराच वेळ शटर वर होईना.

"गंज काढतोय," म्हणाला. व्हिनेगर आणि मीठ त्यासाठीच. पण सकाळी जी लोखंडी पट्टी मी त्याच्या पिशवीत चकचकीत पाहिली होती ती आता तांबूस होऊन वाळत पडली होती. म्हटलं, "तू गंज काढायला बसलास की वाढतो वाटतं?" एरवी अशा वाक्यावर तो मला दोन वाक्यं परत देतो. आज नुसता डबा घेतला. मला रसायनं कळतात, लोखंड कळत नाही, म्हणून विषय सोडला.

सीट मुंबईहून आणली. जुनी उंदरांनी खाल्ली म्हणे.

११ फेब्रुवारी, वाडी

चंद्री घरी आली. राजेशने महाडहून स्वतः चालवत आणली, मी शेजारी. पोलादपूर सोडल्यापासून तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं घाट आहे, लक्ष ठेवून चालवतोय.

वाडीत शिरलो तर बाया हातातली कामं टाकून धावत आल्या. आबा पडवीत उभे होते. काचबिंदूने त्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. राजेशने हात धरून त्यांना गाडीपाशी नेलं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग स्टिअरिंगवर. मग आत हात घालून सीटच्या खाली कुठेतरी, बराच वेळ. मला वाटलं आता रडतील, म्हणून मी पदर सावरून तयारच होते. त्यांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"आबा, चंद्री आली," राजेश म्हणाला.

"बरं झालं. दमला आसशील. पानी पी."

मी म्हटलं, "आबा, बसा ना. एक फेरी मारून या."

"नको गो सूनबाय, पाय दुखत्यात." मग राजेशला, "ही गाडी उन्हात नको ठेवू रे. मांडवाखाली घे."

माणूस थकतो तो असा. हेच आबा पूर्वी चंद्रीवर कुणी पाय ठेवून उभं राहिलं तर अंगावर धावून जात. जेवताना हळूच मला विचारलं, "राजेशची तब्बेत बरी हाय ना? झोपतो ना नीट?" मी म्हटलं, घोरतो आबा, काळजी करू नका.

२० फेब्रुवारी, वाडी

मानसी आणि एक तज्ज्ञ. तो गृहस्थ दिवसभर जीपखाली झोपून होता. चासीवरचा नंबर जुन्या कागदांशी बरोबर जुळला. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

मानसीने मग गावातल्या लोकांना एकेक करून मोबाइलपुढे बसवलं. राहीबाईने तर सीटवर थोपटून सांगितलं, "ह्याच शीटवर माझी सुमन झाली. घाटाच्या दुसऱ्या वळणाव. भागोजीदादांनी गाडी थांबवली आन पाठ करून उभे ऱ्हायले." भागोजीदादा म्हणजे आमचे आबा. मानसीच्या डोळ्यांत पाणी. ती सीट मुंबईहून परवाच आली आहे, पण राहीबाईला ते सांगून तिचा आनंद कोण घालवणार? आणि सुमन तर झालीच होती ना, ते काही खोटं नाही.

शेवटी आबांपुढे बसली. "आजोबा, हीच ना ती?"

"पोरानं आनलीय ना? मंग हीच."

किती साधं आणि किती छान बोलले. मानसीने पुन्हा म्हणायला लावलं, आवाज नीट आला नव्हता म्हणून. आबा म्हणाले, "एकदा बोललो ना बाय."

राजेश तेव्हा विहिरीवर तोंड धूत होता. एवढा चांगला क्षण त्याचा चुकला म्हणून मला हळहळ वाटली.

२४ फेब्रुवारी, महाड

हर्षदला काय झालंय कुणास ठाऊक. हर्षद म्हणजे माझा चुलतदीर, मुंबईत नोकरी करतो, वर्षातून दोनदा गावाला येतो आणि चार दिवस सगळ्यांना शहाणपण शिकवतो. आज वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने टाकलं: "मानसीबाईंचा व्हिडिओ बघितला. ही आपली चंद्री नाय. चंद्रीला पूर ओसरल्यावर महाडात भंगारच्या ट्रकवर मी सोत्ता बघितली हुती, चिखलाने भरलेली. तवा बोललो नाय, म्हटलं राजेशदादाची मर्जी. पन आता गावाच्या नावाने इकतात तर बोलनार."

माझं डोकं फिरलं. हिस्सा हवा असेल तर सरळ माग की बाबा! पुरात महाडातली अर्धी वाहनं भंगारात गेली. चिखलात सगळ्या जीपा सारख्याच दिसतात. मी ग्रुपवर तसं लिहिलंही, जरा जास्तच लिहिलं. राजेशने माझ्या हातातून फोन घेऊन ते पुसून टाकलं. "वाद नको घालू, अनु." मी ह्याच्यासाठी भांडते आणि हा मलाच गप्प करतो.

१ मार्च

कुणीतरी ग्रुपवरचं मानसीपर्यंत पोचवलं. तिचा फोन. आवाज मऊ, पण मुद्दा पक्का. सरांनी मागे एकदा अशाच एका मोटारीत हात पोळून घेतलेत. विकत घेतल्यावर कळलं, नाव एकीचं आणि अंग दुसरीचं. गावातून शंका निघाली आहे तर गावानेच ती मिटवावी, तोवर सर थांबतील.

राजेश दोन दिवस जेवत नाहीये. मला हर्षदचा इतका राग आलाय की लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडात सुई जरा जोरातच गेली.

९ मार्च, वाडी

शिमग्यासाठी मुंबईकर आलेत, म्हणून आज गावकी बसली. देवीची पालखी शिमग्यात ज्या ओट्यावर बसते त्या सहाणेसमोर सगळे पुरुष. आम्ही बायका कडेला उभ्या, पण कान तिकडेच.

हर्षदने आपलं म्हणणं मांडलं. खरं सांगायचं तर तो भांडला नाही. हात जोडून म्हणाला, "आबांच्या म्होरं बोलायला लाज वाटतीय. पन मी बघितलं तसं सांगतोय." राजेश म्हणाला, "माझं काय ते नंबर सांगतोय." दोन्हीकडून आवाज वाढले, तेव्हा गुरव म्हणाला, "मंग बेल-भंडारा उचला, इषय संपला."

आमच्या गावात ह्याच्या पलीकडे काही नाही. देवीपुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा मुठीत घ्यायचा आणि बोलायचं. त्यानंतर कुणी त्या गोष्टीवर तोंड उघडत नाही. बांधाची भांडणं अशी मिटली आहेत. खोटा उचलला तर उचलणाऱ्याचं वाटोळं होतं, असं म्हणतात. मी रक्त तपासणारी बाई, पण माझाही हात तिथे सहज उठणार नाही.

सगळे राजेशकडे बघायला लागले. तो लगेच म्हणाला, "आबा उचलतील. गाडी आबांची. घरातले कर्ते तेच."

आबा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "उचलीन."

बस्स. लोक उठायलाच लागले. आबांचा शब्द असा आहे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाच भंडारा उचलला होता, स्वतःच्या भावाशी शेताच्या वादात, आणि बांध भावाचाच असं खरं सांगून शेत सोडलं होतं. पालखी सहाणेवर बसेल त्या दिवशी, १५ तारखेला, हे व्हायचं ठरलं.

मानसीला कळवलं तर ती फोनवर किंचाळलीच. "ताई, ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? सर स्वतः येतील. आम्ही नीट शूट करू."

राजेशने बापाला मान दिला, मला बरं वाटलं. फक्त त्याने जरा पटकन उत्तर दिलं, इतकंच. विचारायच्या आधीच तयार असल्यासारखं.

११ मार्च, महाड

लिहू नये असं वाटतंय. लिहिते तरीही.

सकाळी लॅबमध्ये नाते गावचे बुद्धरत्न आले, साखर तपासायला. पुरात राजेशने जीप ठेवली तो गोठा ह्यांचाच. मी हसत म्हटलं, "तुमच्यामुळे आमची चंद्री वाचली, आता पेढे खायला लवकर या."

ते गोंधळले. "आमच्याकडं कुठली, वहिनी? राजेशभाऊ आदल्या दिवशी येऊन जागा बघून गेले. बोलले, उद्या आणतो. उद्या तर पूरच आला."

मी त्यांचं रक्त घेतलं, लेबल लावलं, लॅब उघडी टाकून गॅरेजवर गेले.

राजेश मला बघूनच समजला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एक दिवस अनु. एका दिवसाने गेली ती."

मग सगळं सांगितलं. पूर ओसरल्यावर चंद्री गॅरेजच्या मागच्या भिंतीला उलटी सापडली, इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, सगळीकडे चिखल. आबांचा रोज फोन यायचा, "चंद्री बरी हाय ना रे?" तो पहिल्या दिवशी हो म्हणाला. आबांना तेव्हा नुकतंच डॉक्टरने डोळ्यांचं सांगितलं होतं, म्हणून म्हणे. मग दुसऱ्या दिवशीही हो. मग रोजच. गॅरेज साफ करायला भंगारवाले आले त्यांना त्याने ती देऊन टाकली. मोबदला काय मिळाला ते मी विचारलं नाही.

"आणि ही?"

"जोडली. तीन ठिकाणची आहे. नंबर मी मारला." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्याच मिठाने गंजवला."

म्हणजे मी टिंगल करत उभी होते आणि माझ्यासमोर हे चाललं होतं. मी त्याला वाटेल ते बोलले. तो ऐकत राहिला. शेवटी विचारलं, "आणि आबांना का पुढे केलंस?"

"माझा हात उठला नसता."

"आणि त्यांचा उठवतोस?"

"त्यांना कुठे माहीत आहे? अनु, माहीत नसताना उचललं तर ते खोटं होत नाही. त्यांच्यासाठी ती चंद्रीच आहे. त्यांच्यावर काही येणार नाही. मी नीट विचार केलाय."

नीट विचार केलाय! ह्या माणसाबरोबर मी वीस वर्षं काढली. त्याला रागाने सोडून जावं असं मला वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटत होतं. शेवटी दोन्ही केलं नाही. परत येऊन बुद्धरत्नांचं रक्त साखरेच्या तपासणीला लावलं.

१२ मार्च

बोलले तर गॅरेज गेलं, नाव गेलं, वर ते पुणेकर पोलिसांत जातील की काय तेही माहीत नाही. आमची लेक श्रुतिका कॉलेजात आहे, तिला बाप फसवा म्हणून ऐकावं लागेल. नाही बोलले तर आबा, ज्यांनी खरं बोलण्यापायी शेत सोडलं, ते देवीपुढे उभे राहून खोटं बोलतील, आणि ते त्यांना कळणारही नाही.

त्यांना कळणार नाही हेच मला सगळ्यात सहन होत नाहीये. ह्याला आपण फसवणं म्हणतो. पुण्याच्या साहेबांचं मला फारसं काही वाटत नाही, हे मात्र खरं.

१४ मार्च, वाडी

काल होळी झाली. आज धुळवड. राजेश पालखीच्या तयारीला देवळात गेला ते बघून मी मागच्या दारी आबांकडे गेले. ते चाचपडत दोर वळत बसले होते.

म्हटलं, "आबा, उद्या तुम्ही उचलू नका. ती चंद्री नाही."

ते वळत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलणार तेवढ्यात म्हणाले, "बस इथं."

बसले.

"मला पहिल्याच दिशी कळलं गो. आईच्या जागी दुसरं कुनी हाताला लागलं तर कळत नाय काय? त्या दिसापासनं मी एकदा तरी तिचं नाव घेतलंय का, आठव."

मी आठवून पाहिलं. सगळी वाडी चंद्री चंद्री करत होती. आबा 'ही गाडी' म्हणत होते. मी प्रत्येक वेळी ऐकत होते.

"मग उचलीन का म्हणालात?"

"मी नाय उचलला तर त्याला उचलाया लागंल. त्यो उचलील, मला म्हाईत हाय. आडकलाय त्यो."

"पण आबा, खोटा?"

"माझ्याव येवंदे. माझं काय ऱ्हायलंय? त्याला पोर हाय." दोराला पीळ देत म्हणाले, "तू आता मधी पडायचं नाय. कुनाला बोलायचं नाय. राजेशला तर नायच. त्याला वाटूंदे म्हाताऱ्याला कळलं नाय."

मी दोराचा पुढचा पदर त्यांच्या हाताशी सरकवला. ते त्यांनी हो समजलं असावं. मी त्यांना वाचवायला गेले होते आणि ते माझ्या आधीच तिथे जाऊन बसले होते. पुष्कळ रडले आज. रंगाचा दिवस होता, डोळे लाल कशाने झाले कुणी विचारलं नाही.

एकच आशा आहे. राजेश ऐन वेळी बोलेल. बापाचा हात पुढे गेलेला बघवणार नाही त्याला. तो वाईट नाही.

१५ मार्च

झालं.

सहाणेवर पालखी, ढोल थांबलेले. पुण्याचे साहेब चपला काढून, हात जोडून उभे. सभ्य माणूस दिसला, मला वाटलं होतं तसा नव्हता. मानसी गुडघ्यावर बसून कॅमेरा धरत होती. जीपला झेंडूचा हार. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता. राजेशने त्यांना दंडाला धरून पुढे नेलं आणि एक पाऊल मागे सरकून उभा राहिला.

गुरवाने तबक पुढे केलं. आबांनी चाचपून बेलाचं पान घेतलं, भंडारा घेतला, मूठ मिटली. गुरव म्हणाला, "बोला."

मी आबांकडे बघतच नव्हते. राजेशकडे बघत होते. आता बोलेल, आता बोलेल. त्याचे हात पँटच्या खिशात होते. मान खाली. आबाही थांबले होते. म्हणजे मला आता वाटतं की तेही वाट बघत होते. मग त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "देवीला साक्ष ठेवून सांगतो, ही गाडी..."

"थांबा आबा! ही चंद्री नाही."

माझाच आवाज. बायकांच्या कडेतून मी पुढे कधी आले ते मला आठवत नाही. "चंद्री पुरात गेली. ही राजेशने जोडलीय. आबा, मूठ उघडा."

 मग हर्षदच पुढे झाला. त्याने आबांचं मनगट धरलं, बोटं हलकेच उघडली आणि भंडारा परत तबकात झाडला. मी ज्याला महिनाभर शिव्या घातल्या त्याने. साहेब मानसीला म्हणाले, "कॅमेरा बंद कर." मग माझ्यापाशी येऊन नमस्कार केला आणि आपल्या गाडीकडे गेले. पोलिसांत जाणार नाहीत असं मानसी नंतर म्हणाली. "मला आधी सांगायचं ना ताई," असंही म्हणाली, आणि ते बरोबरच आहे.

राजेश रस्त्याने खाली चालत गेला. जीप तिथेच, हार घातलेली.

आबांनी माझा हात धरून घरी यायला नकार दिला. राहीबाईने आणलं त्यांना.

१७ मार्च, वाडी

राजेश महाडला गॅरेजमध्ये आहे. फोन करत नाही, मीही केला नाही. लॅब बंद ठेवून मी इथे राहिले, कारण आबांना वाढायला कुणीतरी हवं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. ताट ठेवलं की जेवायचे, उचललं की हात धुवायचे.

आज दुपारी भात कालवता कालवता थांबले.

"सूनबाय."

"हो आबा."

"तू वरडलीस तवा राजेश कुठं हुता?"

"तुमच्याजवळच."

"माझ्या मनगटाला कुनीतरी धरलं हुतं." बोटांवरचा भात तसाच. "त्योच हुता ना? मला थांबवाया आला हुता ना त्यो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे माझ्या जरा बाजूला, भिंतीकडे लागलेले. ते म्हणाले, "खरं सांग." आणि डावा हात पुढे केला, तळवा वर करून. "माझ्या हाताव हात ठेवून सांग."

मी हात ठेवला.

"हो आबा. त्यानेच धरलं. तो बोलणारच होता, मीच घाई केली."

त्यांनी माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्यांना माणसाच्या हातावरून काय काय कळतं ते मला आता माहीत आहे. मग सोडला आणि म्हणाले, "वाटलंच मला." आणखी भात मागितला. जेवण झाल्यावर म्हणाले, "त्याला फोन लाव. रातच्याला घरी जेवाया ये म्हनावं."

मी फोन घेऊन अंगणाच्या टोकाला गेले. राजेशने लगेच उचलला. म्हटलं, "आबा जेवायला बोलावतायत."

त्याने विचारलं, "त्यांना काय सांगितलंस?"

"परवा आबांचं मनगट तू धरलं होतंस. तू त्यांना थांबवत होतास. एवढं लक्षात ठेव आणि ये."

येतोस का, ते विचारलंच नाही. मी फोन ठेवला आणि पडवीत आले. आबांनी विचारलं, "काय म्हनाला? येतो?"

मी म्हटलं, "निघाला."